एक नळी, चार कामं

आमच्या आळीत बंदूक होती ती एकच, आणि तिला लपवायची सोय नव्हती. दस्ता जमिनीला टेकवून उभी केली तर तिचं तोंड आमच्यासारख्या पोरांच्या टाळूवर जायचं. पाटीलकाकांच्या माजघरात खुंटीला, तेलकट फडक्यात गुंडाळलेली ती असायची. परवाना काकांच्या नावाचा. त्या परवान्याच्या पुस्तकावर तेव्हा ‘जिल्हा कुलाबा’ असा शिक्का असे, रायगड हे नाव १९८१ साली आलं. मालकी काकांची असली तरी तिच्याकडून काम घ्यायचा हक्क सगळ्या आळीचा होता. भात पोटरीला आलं की डुकरांवर बार काढायला ती. वरातीपुढे आवाज करायला ती. दसऱ्याला पाटावर झेंडूची माळ घालून बसायला ती. आणि शेतं मोकळी झाली, माणसं जरा सैलावली, की कुणाची तरी पैज लागून बांधावरचा पत्र्याचा डबा उडवायलाही तीच.

चौथं काम आम्हाला सगळ्यांत प्रिय. ठासणीची बंदूक भरायची म्हणजे एक सोहळा असे. आधी नळीत दारू, मग चिंधीचा बोळा, मग गजाने ठोकणं, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि शेवटी घोड्याखाली टोपी. एवढं होईपर्यंत प्रेक्षक वाढलेले असत. माणशी एकच बार. दारू महाग आणि काकांचा जीव त्याहून चिकट, त्यामुळे नेम चुकला तर पुन्हा संधी थेट पुढच्या हंगामात. आज नेमबाजीचे शिक्षक ज्याला ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात, म्हणजे गोळी न भरता तासन्‌तास नेम धरत राहणं, ते आमच्याकडे नाइलाजाने चाले. बार मिळणार एक, म्हणून त्याआधी माणूस रिकामी बंदूक खांद्याला लावून, श्वास धरून, नळीच्या टोकावरची माशी डब्यावर ठेवून नुसता उभा राही. पाठीमागून सूचनांचा पाऊस. “खांदा घट्ट लाव, नाहीतर हासडेल.” “घोडा ओढू नको, दाब.” ही शेवटची सूचना देणाऱ्याने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. ती मात्र बरोबर होती.

आमचं चौक हे जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचं गाव. एका अंगाला इर्शाळगड, डोक्यावर माथेरानचं पठार. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात इथूनच वन ट्री हिलच्या वाटेने वर गेला आणि माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आलं. पुढे साहेब शिकारीला निघाले की वाट दाखवायला ठाकर आणि कातकरी असत, बंदूक मात्र साहेबाच्याच खांद्याला. ठाकरांच्या पोरांकडे गलोल असायची. इर्शाळवाडीहून करवंदं घेऊन खाली येणारी पोरं चालता चालता, न थांबता, झाडावरची कैरी देठाशी तोडायची. आमच्यातल्या एकालाही ते कधी साधलं नाही. ती वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, त्यामुळे त्या पोरांच्या आठवणीला आता पूर्वीसारखी मजा राहिलेली नाही.

आमच्या वाट्याला आलेली खरी नेमबाजी साजगावच्या जत्रेतली. कार्तिकी एकादशीला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. एकीकडे सुक्या बोंबलांचे ढीग, दुसरीकडे पाळणे, आणि मध्ये कुठेतरी फळीवर रंगीत फुगे टाचून बसलेला छऱ्याच्या बंदुकीवाला. त्याच्या बंदुकीची माशी हमखास वाकडी. पहिले दोन छरे वाया घालवून ती किती आणि कुठे वाकडी आहे ते हेरायचं, मग उरलेले त्या हिशेबाने मारायचे, ही विद्या मोठी पोरं धाकट्यांना शिकवत. दुकानदारालाही ते ठाऊक असे. जरा फुगे जास्त फुटायला लागले की तो प्रेमाने म्हणायचा, “बाळा, ही घे, ही नवी आहे.” नवीची माशी दुसऱ्या बाजूला वाकडी.

पिस्तूल म्हणून जे काही होतं ते दिवाळीतलं, टिकल्यांचं. पत्र्याचं, काळ्या रंगाचं, लाल टिकल्यांचा रोल भरायचं. ज्या दुहेरी उपयोगाची चर्चा मी पुढे करणार आहे, तो त्या एकाच पिस्तुलाला साधला होता. अंगणात सराव करता येई आणि चड्डीच्या खिशात लपवून शाळेतही नेता येई. गुरुजींनी जप्त केलं तर परवाना मागत नसत, कान धरत. पुढे कॉलेजात एनसीसीने पॉइंट टू-टूची रायफल हातात दिली. जमिनीवर पालथं पडून, मोजून दिलेल्या गोळ्या, आणि वर उस्तादांचं ‘ग्रुपिंग’चं वेड. गोळ्या कुठेही लागल्या तरी चालतील, पण सगळ्या एकमेकींजवळ लागल्या पाहिजेत. जत्रेतल्या वाकड्या माशीचं शास्त्र तेव्हा कळलं. हात एकसारखा असेल तर माशी दुरुस्त करता येते. हातच वेगवेगळा चालत असेल तर कुठलीही माशी उपयोगाची नाही.

आता ती बंदूक कुठे आहे? काका गेले, मुलांना परवाना आपल्या नावावर करून घेण्यात रस नव्हता, ती सरकारजमा झाली. तिची कामंही एकेक करून गेली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकरावर बार काढणं हा सरळ गुन्ह्याचा मामला झाला. पिकाचं नुकसान झालं तरी वनखात्याची परवानगी लागते. वरातीत बार काढणाऱ्याला हत्यारांच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तसं झालं ते बरंच झालं. आमच्या लहानपणी नळी फुटून बोटं गमावलेला एक माणूस गावात होता, आणि त्याची दोन बोटं नसलेली मूठ बघतच आम्ही वरातीत टाळ्या वाजवत होतो. आठवणी सांगताना हे गाळायची सवय असते. बंदूक कुणाच्या घरी होती हेही गाळलं जातं. ती वरच्या आळीतच असायची. ज्याची जमीन, त्याचा परवाना. कातकरवाडीतल्या कुणाच्या शेतात डुकरं शिरली तर त्याने डबा बडवायचा.

कायद्याने मात्र कामांची वाटणी आधीच करून ठेवली होती, आम्हाला पत्ता नव्हता इतकंच. १८७८ चा हत्यारांचा कायदा हिंदी माणसाच्या हातातून शस्त्र काढून घेण्यासाठी आला. पुढच्याच वर्षी इथून जवळच्या, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारलं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तो १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला. त्याचं तेरावं कलम वाचण्यासारखं आहे. वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, ठासणीची बंदूक पीक राखण्यासाठी, पॉइंट टू-टूची रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी. आणि बाकी कशासाठी म्हणाल तर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी, ‘सबळ कारण’ दाखवा. थोडक्यात, लांब नळी सरकारला समजत होती. आखूड नळी दिसली की सरकार विचारतं, कशाला?

तोच प्रश्न मी गेल्या वर्षी पुतण्याला विचारला. पनवेलजवळच्या नव्या विमानतळाच्या वाऱ्याने इकडच्या जमिनींना जे भाव आले, त्यात आमच्या घरातलीही थोडी गेली. हाती पैसा आला, पैशाबरोबर भीती आली, आणि भीतीबरोबर ओळखीच्या एका बांधकामवाल्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर डोळ्यांत भरलं. पोरगा येऊन म्हणाला, “काका, एकच घ्यायचंय. रेंजवर नेमबाजीला पण चालेल आणि कमरेला पण. कुठलं घेऊ?”

मला त्याचा प्रश्न आवडला. चार कामांना एक नळी, हे आमच्या आळीतलंच गणित होतं. पण चौकशी करत गेलो तसं दिसलं की आखूड नळीला ते गणित लागू पडत नाही.

आधी खेळाचं पिस्तूल घ्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत ज्या पंचवीस मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यात पॉइंट टू-टूचं पिस्तूल लागतं. नियमाने त्याचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि ते ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. म्हणजे वहाणांच्या खोक्याहून थोडं लहान. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, खेळाडूच्या तळव्याच्या मापाने तासलेली, बोटांच्या खाचा पाडलेली. घोडा एक किलोच्या दाबाला सुटतो. असलं यंत्र कमरेला खोचून एसटीत चढायचं म्हटलं तर ते सदऱ्याबाहेर डोकावणार, आणि इतका हलका घोडा गर्दीच्या धक्क्यात कमरेशी असू नये हे शहाण्याला सांगायला नको.

आता कमरेचं. आपल्याकडे सामान्य माणसाला नऊ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही; ते सैन्य-पोलिसांचं, निषिद्ध बोअर. अमेरिकेत याच प्रश्नाला दुकानदार मधल्या आकाराचं नऊ मिलिमीटर काढून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. इथे ती वाट बंद. उरतं बत्तीस बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१४ च्या जानेवारीत ‘निर्भीक’ नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून काढलं, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. हलकं आहे, पर्समध्ये मावतं, जाहिरातीत हेच सांगितलं गेलं. पण हत्यार जितकं हलकं तितका त्याचा धक्का मनगटात जास्त. जे बाळगायला सोपं ते मारायला अवघड, असा हा उलटा व्यवहार आहे.

नळीच्या लांबीचंही तसंच. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात दहा सेंटिमीटर अंतर आहे आणि माशी एका मिलिमीटरने सरकली, तर पंचवीस मीटरवर गोळी पंचवीस सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर बावीस सेंटिमीटर असेल तर चूक साधारण सव्वाअकरा सेंटिमीटरवर येते. पंचवीस मीटरच्या कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे खिशातल्या रिव्हॉल्व्हरने नेमबाजी शिकायची तर हात थरथरला की वर्तुळच काय, कधी कधी कागदही सुटायचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा दाबायला जड असतो, तो जड असणं हीच त्याची सुरक्षितता. नवशिक्या बोटाने तो ओढला की सगळी नळी उजवी-डावी हलते. “ओढू नको, दाब” हे सांगणारा आळीतला माणूस मला इथे पुन्हा आठवला.

दोन्ही जगांना जोडणारा एक बारीक पूल आहे, तो बत्तीसचाच. पुरुषांच्या ‘सेंटर फायर’ प्रकारात जगभर जे काडतूस चालतं ते बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग, आणि कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचंही घराणं तेच. जसपाल राणाने १९९४ साली हिरोशिमाला सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. काडतुसाचं घराणं एक असलं तरी खेळातली गोळी पुढून सपाट कापलेली असते, कागदावर गोल भोक पडावं म्हणून. आणि ती मारणारं पिस्तूल पुन्हा तेच खोक्याएवढं, तासलेल्या मुठीचं. घराणं जुळलं तरी संसार वेगळे.

आणि समजा एखाद्याने हट्टाने एकच रिव्हॉल्व्हर दोन्हीसाठी घेतलं, तर सराव करायचा कुठे आणि कशाने? परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसं, याचा आकडा लिहिलेला असतो. पंचवीस मीटरच्या एका सामन्यात साठ गोळ्या जातात, तीस सावकाश आणि तीस झटपट. खेळाडू महिनाभर रोज तेवढ्या मारतो. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर असं करायला निघालात तर वर्षाचा कोटा आठवडाभरात संपेल. बांधावर पत्र्याचा डबा ठेवायचा म्हटलं तर बांधापलीकडे आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे, तिथे कुणाचं तरी पोर तलावात डुंबतंय.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी दोन गोष्टी मात्र स्पष्ट केल्या. परवान्याआधी हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घ्या म्हणून सांगितलं. आणि सार्वजनिक जागी न्यायचं तर हातबंदूक म्यानात, पूर्ण झाकलेली हवी. अमेरिकेत झाकून बाळगायचं की उघडं यावर राज्याराज्यांत वाद आहेत. आपल्याकडे वादच नाही, उघडं नेलंत तर नियमभंग. पाटीलकाका खांद्यावर टाकून भर बाजारातून चालायचे त्या जागी आज म्यान, सदरा, आणि सदऱ्यावर जाकीट. मे महिन्यात चौक फाट्यावर जाकीट घातलेला माणूस दिसला की ओळखावं. झाकलेलं सगळ्यांना ठाऊक असावं, एवढ्यासाठीच बहुतेक जण बाळगतात.

अधूनमधून एक वेळ अशी येते की ही सगळी झाकलेली हत्यारं उघडी होतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. एकदा एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर खालापूरला त्यासाठी गेलो होतो. ओळीने टेबलावर मांडलेली ती रिव्हॉल्व्हरं अगदी नव्यासारखी चकचकीत होती, म्यानांचं कातडंही न मळलेलं. आमच्या आळीच्या बंदुकीचा दस्ता माणसांच्या गालांनी काळा पडला होता. मी त्या गृहस्थांना विचारलं, किती गोळ्या मारल्यात? ते म्हणाले, “कशाला मारू? देवाच्या कृपेने वेळ आली नाही.” त्यांना सराव हा शब्द सुचलाच नाही. वेळ आलीच तर हा माणूस सहा गोळ्यांत स्वतःचा पाय सोडून दुसरं काही लागू देईल का, अशी शंका मला आली. ती मी तिथे, टेबलापलीकडच्या हवालदारासमोर, बोललो नाही.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो हिशेबी आहे. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, हे त्यानेच मला ऐकवलं. “म्हणजे एक रेंजचं, एक कमरेचं, कोटा संपला,” तो म्हणाला. मी म्हटलं, कमरेचं सोड, आधी रेंजचं बघ. आवडलं तर कमरेला काही लागतं का ते पुन्हा विचार. अलिबागच्या जिल्हा कचेरीत परवान्याचा अर्ज त्याने अजून टाकलेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

रेंज फार लांबही नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेल्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब काढला. २००४ साली क्वालालंपूरला त्यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. अवनी लेखराला पॅरालिंपिकच्या सुवर्णापर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षक त्याच. अशा जागी सुरुवात होते ती हवेच्या पिस्तुलाने. बोअर पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन आणि जोर वीस ज्यूलपर्यंत असला तर परवान्याची भानगड नाही. घोडा पाचशे ग्रॅमला सुटतो. दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. सामना साठ छऱ्यांचा. २०१७ पर्यंत मुली चाळीस मारायच्या, आता मुलग्यांइतकेच साठ. साजगावच्या जत्रेत फुगा याच्या वीसपट मोठा असायचा आणि तरी आमचा चुकायचा.

परवा पनवेलच्या एसटीत शेजारच्या बाकावर एक मुलगी मांडीवर काळी चौकोनी पेटी घेऊन बसली होती. आजीवलीला चढलेल्या एका मावशींनी पाटी पायाशी ठेवत विचारलं, “काय गं, पार्लरचं सामान का?”

“नाही मावशी, पिस्तूल.”

मावशींनी पेटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. “खरं?”

“हवेचं. कागदावर मारायचं.”

“मग पैसे मिळतात का?”

“अजून नाही. सध्या बाबा भरतात.”

“असंच असतं,” मावशी म्हणाल्या आणि पनवेल येईपर्यंत आपल्या मुलाच्या क्रिकेटच्या खर्चाबद्दल बोलत राहिल्या.